न्हाणीघरांतील काचेचा कोपरा

जुन्या घरांतून न्हाणीचें पाणी परसांत जाई व त्यावर अळू, केळ पोसे. आज पुण्यामुंबईच्या सदनिकांत स्नान, कमोड व बेसिन हीं तिन्ही एकाच लहान खोलींत आलीं आहेत. एकाचें स्नान आटोपलें कीं सारी फरशी ओली होते. आणि मागाहून येणारें वडीलधारें माणूस तिच्यावरून घसरतें. म्हणून कोपऱ्यांतील दोन भिंतींचा आधार घेऊन उरलेल्या दोन बाजूंस काच लावण्याची पद्धत पडली आहे. ती चांगली आहे. परंतु गृहस्थ दुकानांत काचेची झळाळी पाहतो. घरच्या फरशीचा उतार पाहत नाहीं. वस्तुतः सर्व भिस्त उतारावरच असते.

तेव्हां आरंभ खालून करावा. जाळीकडे दर मीटरास दीड-दोन सेंटिमीटर उतार असावा. जलरोधक थर जमिनीवर देऊन भिंतींवरही चढवावा. फरशी बसविण्यापूर्वीं जाळी बंद करून निदान २४ तास पाणी सांठवून ठेवावें. या थरांत उणीव राहिली, तर कितीही महाग काच खालच्या बिऱ्हाडाची गळती थांबवूं शकत नाहीं.

माप फरशा बसल्यानंतरच घ्यावें, आणि तेंही खालीं, मध्यें व वर असें तीन ठिकाणीं. कारण भिंती क्वचितच ओळंब्यांत असतात. काच टफन्डच हवी. ती ६०० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून हवेच्या झोतानें एकाएकीं थंड केलेली असते. त्यामुळें फुटलीच तर धारदार सुऱ्यांऐवजीं तिचे बारीक, बोथट तुकडे होतात. मात्र एकदां तयार झाल्यावर ती कापतां किंवा भोंकतां येत नाहीं. म्हणून मापांतील चूक म्हणजे नवी काच!

कोपरा निदान ९० सेंटिमीटर लांबरुंद असावा. ज्या घरीं बालदी-तांब्यानें, चौरंगावर बसून स्नान होतें, तेथें एवढाही अपुरा पडतो. अशा घरानें केवळ एक उभी काच लावून बाजू मोकळी ठेवावी. दार बाहेर उघडावें. कारण आंत कोणी भोवळ येऊन पडलें, तर आंत उघडणारें दार त्याच्याच देहानें अडतें. बाहेर जागा नसेल, तर सरकतें दार घ्यावें. आधाराची दांडी पक्क्या भिंतींत बसवावी, काचेवर नव्हे.

बसवितांना जमिनींत खोल भोंक पाडूं देऊं नये. जलरोधक थर तेथेंच फुटतो. सांध्यांतील सिलिकोन वाळेपर्यंत एक दिवस पाणी सोडूं नये. बोअरचें पाणी जड असेल, तर स्नानानंतर काच रबरी पट्टीनें रोज निपटावी; एरवीं तिच्यावर पांढरे डाग धरतात.

हें सारें झालें, तरी एक काम उरतें. महिनाभरानें खालच्या शेजाऱ्याकडे जावें, आणि चहा घेतां घेतां त्याच्या न्हाणीघराचें छत कोरडें आहे ना, तें पाहून यावें.