खाचरातला तवंग



जव्हारकडे भाताच्या खाचरात पाणी तुंबले की कडेला रंगीत तवंग दिसतो. लहानपणी मी अब्बांना विचारले होते, "इथे रॉकेल कोणी सांडले?" त्यांनी काडीने तवंग ढवळला. त्याच्या काचेसारख्या खपल्या झाल्या. म्हणाले, "रॉकेल असते तर पुन्हा जुळले असते. हे मातीतले लोखंड आहे."

मी कविता लिहिणारा माणूस. पण तो तवंग मनातून गेला नाही. पुढे वाचले ते असे. कोरड्या मातीत लोह गंजाच्या रूपात असते. मातीत सोमल, म्हणजे आर्सेनिक असेल, तर ते या गंजाला चिकटून राहते. पाणी आठवडेच्या आठवडे उभे राहिले की मातीतला प्राणवायू संपतो, गंज विरघळतो आणि सोमल सुटून मुळांपाशी येते. मग पाणी काढून टाकावे? कॅडमियमचे नेमके उलटे. पाण्याखाली ते गंधकाशी जखडलेले असते. माती सुकली की मोकळे होते.

जपानमध्ये तोयामा भागात जिंझू नदीत खाणीतले कॅडमियम उतरले. त्या पाण्यावर भात पिकला. खाणाऱ्यांची, त्यातही बायकांची, हाडे ठिसूळ झाली. रोगाचे नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. तो प्रदूषणाचा रोग आहे, हे तिथल्या सरकारने १९६८ मध्ये मान्य केले.

आपल्या जव्हार-मोखाड्याचा भात मुख्यतः पावसावरचा. भीती घालण्यासाठी मी हे सांगत नाही. पण १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत ज्या भागाने कुपोषणाने मुले गमावली, तिथे ताटातला भात निर्धोक असणे ही चैन नव्हे. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा बाबी तपासल्या जातात. त्यांत लोह, जस्त आहे. सोमल आणि कॅडमियम नाही. कुणी कारखान्याचा गाळ खत म्हणून फुकट टाकू लागला, तर आधी या दोन्हींची तपासणी मागा.

आणि मोरी आपल्याच हातात आहे. फुटवे येताना पाऊस उघडीप देईल तेव्हा पाणी थोडे उतरू द्यावे. पोटरी-फुलोऱ्यात खाचर भरलेले ठेवावे. फार बुडवू नये, फार सुकवू नये.

अब्बांनी काडीने तवंग मोडून पाहिला होता. आपणही विचारून, तपासून पाहू या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)