कॉर्कचे उंदीर आणि आईचं जेवण



‘अल्झायमर पोटातून होतो, आयर्लंडमध्ये सिद्ध झालं’ असा मेसेज तुमच्याही फोनवर आला असेल. खाली बहुतेक वेळा कसल्या तरी कॅप्सूलची जाहिरात असते. मी डॉक्टर नाही, आयटीतला माणूस आहे. पण हे काम आपल्या कॉर्कमध्ये झालंय आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील सत्तरी ओलांडून गेलेत. म्हणून आज त्याबद्दल बोलतो.

कॉर्कच्या विद्यापीठात, म्हणजे यूसीसीत, एपीसी मायक्रोबायोम आयर्लंड नावाची संस्था आहे. आतड्यातल्या जीवाणूंवर काम करणाऱ्या जगातल्या नावाजलेल्या संस्थांपैकी ही एक. तिथल्या प्राध्यापक इव्हॉन नोलन यांनी लंडन आणि इटलीतल्या संशोधकांबरोबर केलेला अभ्यास २०२३ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात आला. त्यांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या शौचातले जीवाणू घेतले आणि तरुण, धडधाकट उंदरांच्या पोटात सोडले. (जेवताना ऐकत असाल तर माफ करा.) त्या उंदरांची स्मरणशक्ती मंदावली. मेंदूच्या ज्या भागात आठवणी तयार होतात, तिथे नव्या पेशी तयार होण्याच्या कामात बिघाड दिसला. निरोगी माणसांचे जीवाणू मिळालेल्या उंदरांना असं झालं नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की रुग्णाची अवस्था जितकी वाईट, तितका उंदरांमधला बिघाडही जास्त होता.

म्हणजे जीवाणू नुसते साक्षीदार नाहीत, त्यांचा कामात हात असावा. हे मोठं पाऊल आहे. पण आमच्या धंद्यात टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर चाललेली गोष्ट प्रॉडक्शनवर चालेलच असं कुणी शहाणा माणूस लिहून देत नाही. उंदीर म्हणजे टेस्ट एन्व्हायर्नमेंट. पोटातले जीवाणू बदलून माणसाचा अल्झायमर थांबला, असं अजून कुणी दाखवलेलं नाही. तेव्हा ती कॅप्सूल मागवू नका.

आता कॉर्कचाच दुसरा अभ्यास. त्याची चर्चा कमी होते, पण आपल्या कामाचा तोच जास्त. पॉल ओटूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७८ वृद्धांचे जीवाणू तपासले. ते २०१२ साली ‘नेचर’मध्ये छापून आलं. काही जण स्वतःच्या घरी राहणारे होते, काही नर्सिंग होममध्ये कायमचे. घरी राहणाऱ्यांच्या पोटात जीवाणूंची विविधता बरीच जास्त होती. नर्सिंग होममधल्यांची कमी, आणि ती जसजशी घटते तसतसा अशक्तपणा वाढलेला. फरकाचं मुख्य कारण जे दिसलं ते आहार. ताटात तेच ते, चोथा कमी.

आपण लगेच म्हणतो, ‘आमचे आईबाबा कुठे नर्सिंग होममध्ये आहेत!’ नाहीत. ते पुण्यात, नाशिकला, सांगलीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये आहेत. पण दोघांसाठी काय स्वयंपाक करायचा म्हणून सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी वरणभात, रात्री पुन्हा तोच भात किंवा दूध-पोळी. एक जण मागे राहिला की तेवढंही नाही. मुलीने व्हिडिओ कॉलवर ‘जेवलीस का’ विचारलं की ‘हो गं’ म्हणायचं. घर स्वतःचं, पण ताट नर्सिंग होमचं.

कॉर्कच्या याच मंडळींनी पुढे युरोपातल्या पाच देशांतल्या ६१२ ज्येष्ठांचा अभ्यास केला. त्यांतल्या काहींना वर्षभर भाज्या, कडधान्यं, फळं, ऑलिव्ह तेल असा भूमध्यसागरी आहार दिला होता. तो ज्यांनी नीट पाळला, त्यांच्यात हितकर जीवाणू वाढले, आणि या बदलाबरोबर शरीरातला दाह कमी आणि बुद्धीची कामगिरी बरी आढळली. हे २०२० साली प्रसिद्ध झालं. ऑलिव्ह तेलाचं आपल्या आईला कौतुक नसेल. पण मोड आलेली मटकी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक हे तिला नवीन नाही. स्वयंपाकाच्या बाईंना दोन पदार्थ जास्त करायला सांगणं, वेगवेगळी कडधान्यं घरपोच पाठवणं, एवढं इथून डब्लिनहून किंवा गॉलवेहूनही जमतं. आणि कॉलवर ‘जेवलीस का’ऐवजी ‘आज भाजी कसली केलीस’ विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर तीही माहितीच आहे.

तरी आहारावर सगळा भार टाकू नका. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली. त्यांत कमी ऐकू येणं, मधुमेह, रक्तदाब, एकटेपणा, अधू दृष्टी आहे. आतड्यातले जीवाणू त्या यादीत नाहीत. बाबा श्रवणयंत्र ड्रॉवरमध्ये ठेवून देत असतील, तर आधी ते कानात जायला हवं.

आणि विसरणं वाढलंय असं वाटलं तर घरात ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, आणि अल्झायमरच असं धरूनही चालू नका. बी-१२ कमी असणं, थायरॉइडचा त्रास, नैराश्य, काही औषधं यांनीही स्मरण ढासळतं, आणि यांवर उपाय आहे. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता नेहमीची. डॉक्टरकडे जाताना काय विसरलं, केव्हापासून, किती वेळा, हे तारखांसह लिहून न्या. आईबाबा सध्या इथेच तुमच्याकडे असतील तर त्यांच्या गोळ्यांची यादी जीपीकडे जाताना सोबत ठेवा, आयुर्वेदिक धरून.