दरबार सुटल्यानंतरचे दिवस

(यवतमाळ येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाबाला अटक झाली की आपलं काम झालं, असं आपल्यापैकी पुष्कळजणींना वाटतं. निवेदन दिलं जातं, मोर्चा निघतो, पेपरात फोटो येतो. त्याच संध्याकाळी पोलिसांच्या गाडीतून एक बाई आमच्या निवाऱ्यात उतरते. हातात प्लास्टिकची पिशवी, गळ्यात ताईत. मला तिच्याबद्दल बोलायचं आहे. गाव, जात, बाबाचं नाव मी सांगणार नाही. तिला अजून याच जिल्ह्यात राहायचं आहे.

पहिले काही दिवस ती फक्त परवानगी मागत असते. "ताई, आंग धुऊ काय?" "ताई, पानी पिऊ काय?" चहात साखर किती घालू म्हटलं तर गप्प. एकीला सहज विचारलं, आज वांगी करायची की चवळी? ती रडायला लागली. कितीतरी वर्षं तिनं स्वतःहून काही ठरवलंच नव्हतं. उपास कधी करायचा, नवऱ्याजवळ जायचं की नाही, मुलीला शाळेत घालायचं की नाही, सगळं दर गुरुवारी दरबारात ठरे. पोळी करपली तरी तिला कोप झाल्यासारखं वाटतं. रात्री दाराला पाठ लावून झोपते.

म्हणून आमच्याकडे दिवस जरा ढिला ठेवला आहे. घंटा नाही. सकाळचा चहा उशिरा उठणारीलाही मिळतो. जिची स्वयंपाकाची पाळी, तिनं भाजी ठरवायची आणि इतरांनी ती खायची, मग ती कशीही होवो. (खारट पिठलं आम्ही पुष्कळदा खाल्लं आहे.) आठवडी बाजारात थोडे पैसे देऊन पाठवतो, हिशेब मागत नाही. पहिल्या बाजारातून बहुतेकजणी पैसे तसेच परत आणतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कोणी टिकल्यांचं पाकीट आणते, कोणी भजी खाऊन येते. रजिस्टरमध्ये 'प्रगती' असा रकाना आहे. त्यात भजी कशी लिहायची?

दुपार कागदपत्रांत जाते. रेशनकार्ड, आधार, पासबुक बहुधा दरबारातच राहिलेलं असतं. दागिने 'सेवेत' गेलेले. मुलं सासरी, आणि सासर म्हणतं, आता ती आमची नाही. ज्या नवऱ्यानं आधी हात धरून तिला तिथं नेलं, तोच नंतर तिला बाटलेली ठरवतो.

एकदा एक उत्साही कार्यकर्ते भेटीला आले. एकीला म्हणाले, "तो ताईत काढून फेका, बाई." तिनं ताबडतोब काढला. ते खूष झाले. मला मात्र धस्स झालं. कालपर्यंत ती बाबाचं ऐकत होती, आज यांचं ऐकलं. आम्ही ताईत काढायला सांगत नाही. दुसऱ्या एकीनं चार महिन्यांनी आपणहून काढला, डबीत ठेवला आणि ती डबी ट्रंकेत तळाशी टाकली. तिनं फेकला नाही, आणि आम्हीही फेक म्हणालो नाही.

हे मी मुद्दाम सांगते आहे. आपल्या राज्यातल्या कितीतरी निवाऱ्यांत प्रार्थना सक्तीची असते, फोन कपाटात बंद असतो, बाहेर पडायला अधीक्षिकेची सही लागते. स्वाधारगृहाचं 2022 साली 'शक्ती सदन' झालं, पाटी बदलली. पण दरबारातून आलेल्या बाईला अशा घरात फार लवकर करमतं. शिस्त तिच्या ओळखीची असते. तिला आपण 'गुणी' म्हणतो!

परदेशात यासाठी वेगळी घरं निघाली. अमेरिकेत ओहायो राज्यात पॉल मार्टिन या मानसशास्त्रज्ञानं 1986 साली 'वेलस्प्रिंग' नावाचं निवासी केंद्र काढलं. तो स्वतः एका धार्मिक गटातून बाहेर पडलेला. माणसं तिथं साधारण दोन आठवडे राहत, समुपदेशन घेत आणि मन ताब्यात घेण्याच्या युक्त्या कशा चालतात ते वर्गात शिकत. आपल्याकडे दोन आठवड्यांत रेशनकार्डाचा अर्जसुद्धा हलत नाही. पण युक्ती उलगडून दाखवण्याची गोष्ट घेण्यासारखी आहे.

त्यासाठी आम्हाला आपला कायदाच उपयोगी पडला. 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याची अनुसूची आम्ही संध्याकाळी बसून वाचतो. 'तू गेल्या जन्मी माझी बायको होतीस' असं सांगून शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा, असं तिथं छापलेलं आहे. ते ऐकून एकजण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे हे आनखीन बायांले बी सांगतलं असन का?" त्या रात्री ती पहिल्यांदा दारापासून लांब झोपली.

आता थोडं कडू. या बाया तिथं गेल्या कशासाठी? कापसाचं कर्ज, नवऱ्याची दारू, मूल नाही, झोप नाही. तालुक्याच्या दवाखान्यात मनाचं दुखणं सांगायचं कोणाला? दरबारात अंगात आलं की तीच बाई सासूला खडसावू शकते आणि सासरा तिच्या पाया पडतो. एकजण मला म्हणाली, "तिथं मले कोनी तरी इचारत होतं." आपल्या बचतगटाच्या बैठकीत आपण तिला हप्ता भरलास का, एवढंच विचारतो.

पोलिसांबरोबर जाल तेव्हा तिची कागदपत्रं आणि मुलं कुठं आहेत ते त्याच दिवशी पंचनाम्यात लिहून घ्या. तिला सभेत उभी करून हकिगत सांगायला लावू नका. आमच्याकडच्या एकीची मुलीच्या ताब्यासाठी पुढल्या महिन्यात तारीख आहे. ती म्हणाली आहे की दोघीतिघी आल्या तर बरं वाटेल. ज्यांना यायचं त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. घोषणा नकोत, फलकही नकोत. नुसतं तिच्या बाकावर बसायचं आहे.