काउंटरच्या पलीकडचा माणूस



तुम्हा सर्वांचं मनापासून अभिनंदन, आणि मागच्या रांगांत बसलेल्या तुमच्या आईवडिलांचं त्याहून अधिक. वाणिज्य आणि बँकिंगच्या पदवीधरांपुढे बोलायचं ठरलं, तेव्हा मला एकाच माणसाविषयी बोलावंसं वाटलं. ते म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. एका राष्ट्रीयीकृत बँकेत ते कारकून म्हणून लागले आणि शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. गेल्या वर्षी ते गेले.

१९ जुलै १९६९ रोजी देशातल्या १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. तेव्हा सरासरी ६४ हजार माणसांमागे बँकेची एक शाखा होती. देशभरातल्या आठ हजारांवर शाखांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा खेड्यांच्या वाट्याला आला होता. १९७७मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला : बँक असलेल्या ठिकाणी एक शाखा काढायची, तर बँक नसलेल्या ठिकाणी चार काढा. १९९०पर्यंत शाखा ६० हजारांच्या घरात गेल्या. हे आकडे तुम्ही परीक्षेत लिहिले असतील. पण त्यातल्या प्रत्येक शाखेचं कुलूप उघडायला घरदार सोडून कुणीतरी गेलं होतं. अण्णा त्यांपैकी एक.

त्यांच्या बदल्या मराठवाड्यात होत राहिल्या. आम्ही भावंडं शाळेसाठी आईजवळ पुण्यात. शनिवारी अर्ध्या दिवसाचं काम आटोपून, रोकड जुळली की ते एसटी पकडायचे. रविवारी सकाळी आईला भाजी निवडून देता देता आमच्या वह्या तपासायचे आणि रात्रीच्या गाडीने परत निघायचे. बँकांचं वर्ष तेव्हा ३१ डिसेंबरला संपायचं, त्यामुळे ती रात्र त्यांनी कधी घरी काढली नाही.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या शाखेत जाऊन बसलो होतो. कापसाचे पैसे खात्यात असलेल्या एक आजीबाई पैसे काढायला आल्या. महिन्याची २८ तारीख होती. अण्णांनी त्यांचं पासबुक पाहिलं आणि विचारलं, "मावशी, आजच नड आहे का? नसेल तर एक तारखेला या. आज काढलेत तर या पैशांचं महिनाभराचं व्याज बुडेल."

"नड न्हाई बा. पत्रे घ्यायचेत घरावर. येते मंग एक तारखेला," म्हणून त्या पासबुक कनवटीला लावून गेल्या.

बचत खात्यावर तेव्हा रोजच्या शिलकेवर व्याज मिळत नसे. १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज. २०१०च्या एप्रिलपासून हा नियम बदलला. त्या बाईंना तेव्हाचा नियम ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. अण्णा गप्प राहिले असते, तरी कुणी बोट ठेवलं नसतं. व्हाउचर बरोबर, हिशेब बरोबर, आणि व्याज बँकेचं वाचलेलं. पण अंगठा उठवणाऱ्या माणसाला रक्कम मोठ्याने वाचून दाखवणं, त्याच्यासमोर नोटा मोजणं आणि त्याचा फायदा कशात आहे ते न विचारता सांगणं, यालाच ते बँकिंग समजत.

घरीही ते असेच होते. बहिणीच्या शिक्षणासाठी पीएफमधून उचल घेतली, तेव्हा कागद आमच्यापुढे ठेवून किती पैसे काढले आणि घरखर्चात कुठे हात आखडावा लागेल, हे त्यांनी समजावून सांगितलं. माहिती लपवून उपकार करणं त्यांना पटत नसे.

मित्रांनो, आज काउंटरच्या जागी मोबाईलचा पडदा आला आहे. अटी लांबल्या आहेत, अक्षरं बारीक झाली आहेत. तुम्ही कर्ज द्याल, विमा विकाल, फंड सुचवाल. मुदतीआधी पैसे काढले तर काय कापलं जातं, पॉलिसीत कोणता आजार बसत नाही, कमिशन कुणाला किती मिळतं, हे तुम्हाला ठाऊक असेल आणि समोरच्याला नसेल. या अंतरावर कमाई करणं सोपं आहे आणि बहुतेक वेळा ते कायद्यात बसतंही. टार्गेट डोक्यावर असताना तर तोच मार्ग शहाणपणाचा वाटेल. अशा वेळी सही घेण्याआधी समोरच्याला सगळं सांगा. एखादा व्यवहार हातचा गेला तर जाऊ द्या. ज्याला नियम वाचता येत नाही, त्याच्या वतीने तो वाचण्यासाठीच तुम्ही शिकला आहात.

त्याची सुरुवात आज संध्याकाळीच करा. घरी गेल्यावर आईवडिलांची पासबुकं, विम्याचे कागद, कर्जाचे हप्ते त्यांच्याशेजारी बसून वाचा. त्यांना न उमगलेलं समजावून सांगा. नॉमिनीचं नाव राहिलं असेल तर लावून घ्या. तुमच्या पदवीचं पहिलं काम तेच असू द्या.