चला, रेवदंडा पाहू या

(वरसे येथील रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



मागच्या वेळी आपण बँकेत पैसे भरायची पावती वाचली. आज पाटी-पेन्सिल बाजूला ठेवा. आज एका गावाची गोष्ट करू.

गाव लांबचे नाही. आपल्या रोह्यावरून कुंडलिका नदी वाहते. ती खाली जाते, तिची खाडी होते, आणि खाडी समुद्राला मिळते. ती मिळते तिथे उजव्या हाताला रेवदंडा आहे. डाव्या हाताला कोर्लई.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, रेवदंडा आम्ही शंभरदा पाहिला. कुठून पाहिला? एस्टीतून. चणेरा, साळाव करीत एस्टी पुलावर येते. पूल ओलांडला की ती एका जुन्या पडक्या तटाच्या आत शिरते आणि दुसऱ्या बाजूने चौलच्या रस्त्याला लागते. मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. वाड्यांत मोठमोठ्या भिंती उभ्या आहेत. आपण त्या वेळी पेंगत असतो, नाहीतर सुटे पैसे मोजत असतो. आम्हीही तेच करीत होतो, बरं का! तीस वर्षे मास्तरकी केली, पण तो तट कोणाचा हे धड ठाऊक नव्हते.

आमचे डोळे उघडले ते एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो बोटीवर कामाला आहे. सुट्टीवर आला की भेटायला येतो. एकदा त्याची बोट अमेरिकेत न्यूयॉर्कला लागली. तिथे त्याने पैसे भरले आणि दोन तास एका माणसामागून पायी हिंडला. आम्ही म्हटले, "अरे, पायी हिंडायला पैसे कशाला?" तो म्हणाला, "गुरुजी, तो वाटाड्या होता. चालता चालता गावाची जन्मकथा सांगत होता."

ती जन्मकथा तुम्हांलाही सांगतो. न्यूयॉर्क हे आज केवढे मोठे शहर! पण ते वसवले वलंदेजांनी. वलंदेज म्हणजे हॉलंड देशाचे लोक. त्यांना डचही म्हणतात. 1624 च्या सुमारास ते तिकडे उतरले. जमीन तिथल्या मूळ लोकांची, लेनापी लोकांची होती. वलंदेजांनी तिथे गाव बसवले आणि आपल्या देशातल्या मोठ्या शहरावरून त्याला नवे ॲम्स्टरडॅम असे नाव दिले. 1653 साली गावाच्या उत्तरेला लाकडी तट घातला. तो तट उभारायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबले. 1664 साली इंग्रजांनी गाव घेतले आणि नाव बदलून न्यूयॉर्क केले. पुढे 1699 साली तटही पाडला. पण तटाच्या कडेच्या रस्त्याचे नाव तेवढे राहिले, वॉल स्ट्रीट. वॉल म्हणजे भिंत. पैशाच्या बाजारासाठी आज तो रस्ता साऱ्या जगाला ठाऊक आहे. भिंत कुठेच नाही!

1664 हे साल ध्यानात ठेवा. त्याच सालच्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर छापा घातला. सुरतेत तेव्हा वलंदेजांची वखार होती, इंग्रजांचीही होती. हेच लोक इकडे आणि तेच तिकडे. आपल्या कोकणातही वेंगुर्ल्याला वलंदेजांनी वखार घातली. विजापूरच्या आदिलशहाने तशी परवानगी दिली होती. गोव्याच्या पोर्तुगिजांची कोंडी करायला वलंदेजांची जहाजे येत. त्यांना शिधा-पाणी वेंगुर्ल्यातून मिळे. त्या वखारीच्या पडक्या भिंती आजही आहेत.

पण विद्यार्थ्याचे एक बोलणे आमच्या मनात रुतून बसले. तो म्हणाला, "गुरुजी, त्या जुन्या न्यूयॉर्कात वलंदेजांच्या वेळचे एकही घर उभे नाही. एके ठिकाणी काचेतून जुना पाया दाखवतात, झाले. तरी लोक दोन तास हिंडतात आणि प्रश्न विचारतात."

तिथे काही नाही, तरी लोक पाहतात. इथे अख्खा तट उभा आहे, आणि आपण पेंगतो!

वेंगुर्ले आपल्याला लांब. पण आपल्याच खाडीच्या तोंडाशी रेवदंडा आहे. म्हणून गेल्या माघात आम्ही वर्गाची सहल तिकडे काढली. वाटाडे आम्हीच झालो. त्यासाठी आधी दोन महिने पुस्तके वाचली.

रेवदंड्याचा तट बांधला फिरंग्यांनी, म्हणजे पोर्तुगिजांनी. शेजारचे चौल हे फार जुने बंदर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी लोकांच्या लिखाणात त्याचे नाव आहे. फिरंगी इथे आले तेव्हा चौलवर अहमदनगरच्या निजामशहाचे राज्य होते. निजामशहाला घोडे हवे होते. घोडे समुद्रावरून येत, आणि समुद्र फिरंग्यांच्या हाती. तेव्हा सौदा झाला. 1521 साली फिरंग्यांनी खाडीच्या तोंडाशी कोट बांधायला घेतला. पुढे कोटाचे शहर झाले. 1570 साली निजामशहानेच त्या शहराला वेढा घातला, पण ते त्याच्या हाती लागले नाही. मग त्याने समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधायला काढला. 1594 साली फिरंग्यांनी तोही घेतला. शेवटी मराठ्यांनी 1739 साली वसई जिंकली, आणि दुसऱ्या साली तहात चौल मराठ्यांकडे आले. म्हणजे फिरंगी इथे दोनशेच्या वर वर्षे राहिले.

हे सारे आम्ही तटाशी उभे राहून सांगितले. पण सालेच साले ऐकून मंडळी कंटाळली. एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, आपल्या रोह्याचं काय सांगा की!"

तेही होते. 1674 साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन त्यासाठी मुंबईहून निघाला. या फिरंगी शहराशी पोचला तेव्हा वेशीचे दरवाजे बंद झाले होते. त्याने तटाबाहेर एका इगर्जीत रात्र काढली. मग आपल्या खाडीने वर अष्टमीकडे आला आणि पुढे रायगडाला गेला. महाराजांच्या राज्याभिषेकाचा पाहुणा आपल्या पाण्यावरून गेला! हे ऐकून मंडळींच्या माना वर झाल्या. मग तीच बाई पुढे आणि आम्ही मागे.

वाड्यांमधून वाट आहे. मालकांना विचारून आत गेलो. एक उंच मनोरा आहे, त्याला सातखणी म्हणतात. शाळेची मुले घेऊन आम्ही पूर्वी तिथे येत असू आणि मुलांना सांगत असू, हा टेहळणीचा बुरूज. या खेपेलाही तेच सांगू लागलो. पुस्तके वाचली होती, पण जुनी सवय जिभेवर बसलेली. वाडीत झावळ्या गोळा करणारी एक म्हातारी हसली. म्हणाली, "गुरुजी, बुरूज कसला? ह्यो इगर्जीचा हाय." तिचे खरे होते. तो ख्रिस्ती साधूंच्या मठाचा आणि देवळाचा मनोरा. आमच्या हातून शिकलेली किती मुले तो बुरूज म्हणत असतील, देव जाणे!

दुपारी पुलावरून परत येऊन कोर्लईला गेलो. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही एक निराळी बोली आहे. तिला ते "नो लिंग" म्हणतात. म्हणजे आमची बोली. ती जुन्या पोर्तुगीज भाषेतून झाली. फिरंगी 1740 साली गेले, पण बोली माणसांच्या तोंडी राहिली. आपल्याही तोंडी थोडी आहेच. चावी, बादली, पगार, पाव, बटाटा, काजू हे सारे फिरंग्यांचे शब्द. पगार फिरंग्यांचा म्हटल्यावर एक जण म्हणाला, "म्हणूनच वेळेवर येत नाय!"

जेवताना एका तरुणाने विचारले, "गुरुजी, फिरंग्यांनी आपली देवळे पाडली, लोकांना बाटवले. त्यांच्या भिंती आपण कशाला बघायच्या?" प्रश्न रास्त होता. फिरंग्यांनी जुलूम केला, हे खरेच आहे. पण न्यूयॉर्कचा वाटाड्या नुसती वलंदेजांची थोरवी सांगत नाही. तट बांधायला गुलाम राबले, हेही सांगतो. आपल्याकडेही राजा तिकडचा, पण चिरे घडवणारे आणि डोक्यावरून वाहणारे हात इथलेच असणार. ही भिंत त्यांचीही आहे.

आता जे सांगायचे आहे ते थोडे अवघड आहे.

आपल्या वर्गातले एक गृहस्थ आमच्याबरोबर होते. वय पन्नाशीच्या पुढचे. त्यांची परवानगी घेऊनच सांगतो आहोत. गेल्या दिवाळीत ते स्वतःचे नाव लिहायला शिकले. निघायच्या वेळी ते दिसेनात. शोधायला गेलो तर तटाशी उभे. हातात खिळा. भिंतीच्या गिलाव्यावर त्यांनी आपले पूर्ण नाव कोरले होते, वडिलांच्या नावासकट. अक्षर वळणदार होते. काना, मात्रा, वेलांटी, सारे बरोबर.

आम्ही त्यांना सर्वांदेखत रागावलो. म्हणालो, सरकारने हे अवशेष राखून ठेवले आहेत. 1958 च्या कायद्याने अशा भिंतीवर लिहिणे, कोरणे हा गुन्हा आहे. अडाणी माणसासारखे काय केलेत? शेवटचा शब्द आम्ही बोलायला नको होता. परतीच्या एस्टीत ते एकटेच मागे बसले. पुढचे तीन आठवडे वर्गाला आले नाहीत.

चौथ्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिले, चहा दिला. मग म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच दाखवलंत. वेशीवर फिरंग्यांनी दगड कोरलाय, राजाचं निशाण काढलंय. त्यांनी कोरलं तर त्याला इतिहास म्हणायचं. मी कोरलं तर गुन्हा?"

आम्हांला लगेच उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने म्हणालो, "त्यांनी कोरले तेव्हा भिंत त्यांची होती. आता ती सगळ्यांची झाली आहे. सगळ्यांनी नावे कोरली तर जुने वाचायला जागा राहणार नाही."

"आणि ज्यांनी चिरे वाहिले, त्यांची नावं कुठं हायत?"

"कुठेच नाहीत," आम्ही म्हणालो.

ते म्हणाले, "मंग? त्यांना लिहिता येत नव्हतं. मला येतं."

त्यावर आम्ही गप्प बसलो. भिंतीवर कोरणे चूक, हे आमचे मत तेव्हा बदलले नाही, आजही नाही. पण त्यांच्या बोलण्यात काही खोटे नव्हते. अडाणी म्हटल्याबद्दल आम्ही त्यांची माफी मागितली. घरी आलो आणि एक जाड वही विकत आणली. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याकडे दिली. सहलीला जो येईल त्याने वहीत नाव लिहायचे, तारीख घालायची आणि काय पाहिले ते दोन ओळी लिहायचे. पहिल्या पानावर त्यांचे नाव आहे. खाली त्यांनी लिहिले आहे, "सातखणी पाहिला. तो इगर्जीचा आहे." आमची चूक अशी वहीत गेली!

पुढच्या रविवारी पुन्हा जायचे आहे. सातखणीपासून वेशीपर्यंत वाटाडे तेच गृहस्थ होतील. वेशीपासून कोर्लईपर्यंत आम्ही. सकाळची पहिली एस्टी धरू. रोहा स्थानकावर सहाला या. भाकरी बांधून आणा, पाण्याची बाटली आणा. किनाऱ्यावर वाळू तापते, तेव्हा पायांत वहाणा असू द्या. वही आम्ही आणू. पेन ज्याचे त्याने आणावे.