लेकरू घेऊन बेटावर



गटाच्या बैठकीत मला सगळ्या विचारत होत्या, "काहो, दहा महिन्यांचं लेकरू घेऊन समुद्रात कशाला गेल्या होत्या?" एकेकीला सांगण्यापेक्षा आज रेडिओवरच सांगते.

माझे दीर मुंबईला कामाला आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही त्यांच्याकडे गेलो. सासूबाई, आमचे हे, मी, सहा वर्षांचा मुलगा आणि दहा महिन्यांची लेक. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण लग्न, बारसं नाहीतर तेरवी, एवढ्यासाठीच मी गाव सोडलं. वैनगंगा ओलांडली तीही मिरची तोडायला. म्हणून दीर म्हणाले, "वहिनी, घारापुरीला जाऊ," तेव्हा मी दोनदा विचार केला नाही.

घारापुरी हे मुंबईजवळच्या समुद्रातलं बेट. उरण तालुक्यात येतं. तिथे डोंगर कोरून केलेली शंकराची लेणी आहेत. १९८७ पासून त्यांचं नाव जागतिक वारशाच्या यादीत आहे. गेट वे ऑफ इंडियापासून लाँचने तासभर लागतो. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून आम्ही मंगळवारी निघालो.

लाँचवर चढताना सगळ्यांना लाइफ जॅकेट दिलं. मी विचारलं, "लेकराच्या मापाचं?" तो पोरगा म्हणाला, "ताई, एवढ्या लहान बाळाला काय लागतंय? मांडीवर घ्या." तर सासूबाई म्हणाल्या, "अन् मीच बुडाली त मांडी तरंगन का रे बापू?"

लोक हसले. मला हसू आलं नाही. दोनच महिन्यांआधी, १८ डिसेंबर २०२४ ला, याच वाटेवर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली होती. १५ जीव गेले. त्यानंतर तिथे जॅकेट सक्तीचं झालं. आणि मला आपली वैनगंगाही आठवली. २३ जानेवारी २०२४, चामोर्शी तालुक्यातलं गणपूर. मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या बायांचा डोंगा उलटला, सहा जणी गेल्या. त्या बाया काही फिरायला निघाल्या नव्हत्या. मजुरीला निघाल्या होत्या, आपल्यासारख्याच.

मी खाली उतरले. हे चिडले. "तिकिटं काढली, गाडीचा एवढा खर्च केला, आता एका जॅकेटासाठी थांबायचं?" मुलगा रडायला लागला. खरं सांगते, मलाही वाटलं की चार लोकांत तमाशा नको, बसावं गुपचूप. पण सासूबाई माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. आम्ही दीड तास उन्हात थांबलो. तिसऱ्या लाँचवरच्या काकांनी खालच्या पेटीतून एक लहान जॅकेट शोधून काढलं.

ते घालून कसं बघायचं, तेवढं ध्यानात ठेवा. जॅकेट बाळाच्या वजनाला बसणारं पाहिजे. वजन त्याच्यावर लिहिलेलं असतं. मागे मानेला टेकणारी कॉलर हवी, म्हणजे तोंड पाण्याच्या वर राहतं. दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा. सगळे पट्टे लावून जॅकेट खांद्याजवळ धरून हळूच वर उचलायचं. बाळाची हनुवटी आत जायला लागली तर ते मोठं आहे, उपयोगाचं नाही. मोठ्या माणसाचं जॅकेट लेकराला घालूच नये. पाण्यात ते वर जातं आणि लेकरू खाली सरकतं.

दुसरं, आपण लेकराला लुगड्याने नाहीतर ओढणीने पाठीपोटाशी बांधतो. शेतात ठीक आहे. बोटीत बांधू नका. बोट उलटली तर गाठ सुटत नाही, आणि आपण पालथ्या पडलो तर लेकरू आपल्याच अंगाखाली दबतं. चढताना एकाने आधी आत जाऊन बसावं, मग बाळ त्याच्या हातात द्यावं. लेकरू कडेवर घेऊन हलत्या फळीवरून उडी मारू नये.

आता बेटाची गोष्ट. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे, पोरगं खूश झालं. मग सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना बेटावरच्या बायांची दुकानं, काकडी, कैरी, चिंच. एकीशी बोलत बसले. ती म्हणाली, बेटावर कायमची वीज आली ती २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. मुंबईचे दिवे समोर दिसायचे आणि यांच्या घरात कंदील! मला आपली पलीकडची गावं आठवली.

वर लेण्यात गेलो तर एकदम गारवा. समोर तीन मुखांचा सदाशिव, वीसेक फूट उंच. सासूबाईंनी मार्कंड्याला करतात तसा हात जोडला आणि तिथेच खाली बसून राहिल्या. खांबाच्या सावलीत मी लेकीला पाजलं. कोणी हाक मारत नव्हतं, चूल वाट बघत नव्हती. नऊ वर्षांत असं बसले नव्हते.

सोबत काय नेलं तेही विचारलं होतं. उकळून गार केलेलं पाणी, मूगडाळीची घट्ट खिचडी, केळी, ओआरएसचं पाकीट, दोन झबली, टोपी. खिचडी सकाळची, ती दोन तासांत भरवून संपवली. उन्हाळ्यात डब्यातलं अन्न लवकर नासतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीही नाही. आणि बेटावर माकडं फार. लेकराच्या हातात बिस्कीट देऊन उघड्यावर बसू नका.

परत येताना ह्यांनी स्वतःच लेकीचे पट्टे लावले. काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

पण गावी आल्यावर एक गोष्ट मला टोचायला लागली. मुंबईत मी लेकीसाठी भांडले. आणि आपल्या घाटावर? तिथे मी वर्षानुवर्षं डोंग्यात बसले, पोटुशी असतानाही बसले, आणि कधी तोंड उघडलं नाही. का? तर तिथे मजुरी होती, दिवस बुडण्याची भीती होती.

आमच्या गटाने हा विषय ग्रामसभेत मांडला. ठराव झाला, जॅकेटं अजून आलेली नाहीत. तोवर एक आम्हीच पाळतो. नावाड्याला विचारून डोंग्यात किती जणी बसायच्या तो आकडा ठरवला. त्याच्यावर एकही नाही. वारं असलं तर थांबायचं. उरलेल्या जणी दुसऱ्या खेपेला. मुकादम ओरडतो, अर्धा तास जातो. जाऊ द्या.

बायांनो, जमेल तेव्हा फिरायला जा, लेकराला घेऊन जा. आणि पाण्यावर पाय ठेवण्याआधी विचारा, "जॅकेट कुठे आहे?" गेट वेला विचारा, आपल्या घाटावरही विचारा.