दुसऱ्या जगातला आकाशकंदील

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. लिहिताना थोडा आवरून घेतला आहे.)



गेल्या महिन्यात गणपतीच्या जेवणानंतर भांडी आवरताना एका काकूंनी मला कोपऱ्यात गाठलं. "तू कॉम्प्युटरमधला ना? आमच्या नातवाला जरा समजाव बाबा. शाळेतून आला की बसला त्या गेममध्ये. माणसांत म्हणून येत नाही." मी हो म्हटलं आणि नातवाच्या शेजारी जाऊन बसलो. परत आलो तेव्हा समजावणं राहूनच गेलं होतं. तो आणि त्याचे चार मित्र मिळून एक गाव बांधत होते आणि नदीवरचा पूल कोणी तोडला यावरून त्यांची जोरदार जुंपली होती. मला वाटलं, हा तर चांगला माणसांतच आहे की! पण हे काकूंना एका वाक्यात पटवता येईना, म्हणून कार्यकारिणीकडून आजची ही पंधरा मिनिटं मागून घेतली.

मुलांचे गेम मला फारसे कळत नाहीत. मला माहिती आहे ते मोठ्यांचं एक जग, सेकंड लाइफ. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीनं ते जून २००३ मध्ये सुरू केलं आणि ते आजही चालू आहे. याला गेम म्हणावं तर इथे जिंकणं-हरणं नाही, गुण नाहीत, मारायला राक्षस नाहीत. तुम्ही एक रूप घेऊन आत जाता. त्याला म्हणतात अवतार. आपलाच शब्द, परदेशी जाऊन आलेला! मग ठोकळे, गोळे, नळकांडी असे साधे आकार जोडून घर बांधा, झाड लावा, चपला शिवा. चलन आहे लिंडन डॉलर. साधारण अडीचशे लिंडन डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, आणि तो खराखुरा बदलून मिळतो. थोडक्यात काय, कंपनीनं जागा आणि अवजारं दिली. भांडणं लोकांनी आपापली आणली.

पहिलं मोठं भांडण पहिल्याच उन्हाळ्यात झालं. जितक्या जास्त वस्तू तुम्ही बांधाल तितका जास्त कर, असा कंपनीचा नियम होता. म्हणजे जो गाव सजवणार त्यालाच भुर्दंड! काही रहिवाशांनी बॉस्टनच्या १७७३ च्या चहाच्या खोक्यांची आठवण काढली आणि जागोजागी प्रचंड मोठी चहाची खोकी उभी करून निषेध केला. वर्ष संपायच्या आत कंपनीनं ती पद्धत बदलली. कर वस्तूंवरून जमिनीवर आला आणि तुम्ही जे बनवाल त्याचे हक्क तुमचेच, हेही मान्य झालं.

दुसरं भांडण नोव्हेंबर २००६ चं. कॉपीबॉट नावाचा एक प्रोग्राम पसरला. त्यानं दुसऱ्याच्या वस्तूची हुबेहूब नक्कल करता यायची. रात्र-रात्र जागून कपडे, दागिने बनवणारे दुकानदार हादरले. अनेकांनी चक्क दुकानांना टाळं लावून बंद पुकारला. शेवटी अशी नक्कल करणाऱ्याला बाहेर काढू, असं कंपनीला जाहीर करावं लागलं.

आणि पतपेढी नाही, असं गाव असतं का? तिथे जिंको फायनान्शियल नावाची एक होती. वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर व्याज! आपल्यापैकी ज्यांचे पैसे गावाकडे कुठे अडकलेत त्यांना पुढची गोष्ट सांगायला नको. जुलै २००७ मध्ये कंपनीनं जुगारावर बंदी घातली, लोक घाबरून पैसे काढायला धावले आणि ऑगस्टमध्ये ती बुडाली. जानेवारी २००८ मध्ये नियम आला, की खऱ्या सरकारकडे नोंदणी असल्याशिवाय इथे कोणी व्याजानं ठेवी घ्यायच्या नाहीत. बघा, कर, मालकी, बँक. माणसांनी हजारो वर्षं जे प्रश्न सोडवले ते सगळे तिथे पाच वर्षांत पुन्हा भेटले.

मला मात्र सगळ्यात जवळचा वाटतो तो चौथा वाद. २००७ च्या उन्हाळ्यापर्यंत तिथे सगळं बोलणं टाईप करून चालायचं. मग आवाजाची सोय आली. वरवर पाहता सोयीचीच गोष्ट, पण त्यावर रण माजलं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी काय करायचं? ज्यांनी वेगळं रूप घेतलंय त्यांनी? आणि ज्यांचं इंग्रजी ऐकून समोरचा आधी उच्चारच ओळखतो, त्यांनी? दिवसभर ऑफिसच्या कॉलवर "सॉरी, कम अगेन?" ऐकणाऱ्यांना हा प्रश्न जास्त समजवायला नको.

हे मी पुस्तकी सांगत नाही. इंजिनीअरिंगला असताना होस्टेलवर मित्राच्या मशीनवर सेकंड लाइफ पहिल्यांदा पाहिलं, आणि नंतर विसरलोही. मार्च २०२० मध्ये न्यू जर्सीच्या अपार्टमेंटमध्ये मी एकटा होतो. बायको व्हिसाच्या शिक्क्यासाठी पुण्याला गेलेली, ती तिकडेच अडकली. दिवसभर काम, रात्री भिंती. एका रात्री जुना पासवर्ड आठवून परत आत गेलो. एक बाग सापडली. सात-आठ जण रोज संध्याकाळी तिथे जमायचे. कोणी बांधकाम शिकवायचं, कोणी गिटार वाजवायचं, बाकी नुसत्या गप्पा. त्यांत एक आजी होत्या. त्यांना ऐकू येत नसे, म्हणून त्या कट्ट्यावर सगळे टाईपच करायचे. असा कोणी नियम केला नव्हता.

त्या दिवाळीत मी तिथे आकाशकंदील बनवला. कागदाचं चित्र चढवायला दहा लिंडन डॉलर आणि माझे तीन रविवार लागले. झिरमिळ्या वाऱ्यावर हलतील असंही जमवलं. आजी म्हणाल्या, माझ्या ओसरीवर लाव. मी लावला. बाकीच्यांनाही एकेक दिला, पण परवानग्या बंद करायला विसरलो. आठवड्याभरात एकानं तो पन्नास लिंडनला विकायला ठेवला. पन्नास लिंडन म्हणजे वीस सेंट! पण मी असा भडकलो म्हणून सांगू, २००६ चे ते दुकानदार मला त्या दिवशी कळले. कट्ट्यावर दोन संध्याकाळी वाद चालला. अर्धे म्हणाले, तू उघडा दिलास, आता तो त्याचा. अर्धे म्हणाले, विचारायला नको? शेवटी आजींनी टाईप केलं, "तुमच्या गावात याचं डिझाइन कोणाच्या मालकीचं असतं?" मी गप्प झालो. आमच्या बाबांनी कंदिलाची चौकट शेजारच्या काकांची बघूनच तर बनवली होती! विकणाऱ्याला मी एवढंच म्हटलं, हा दिवाळीचा कंदील आहे हे खाली लिही. त्यानं लिहिलं.

पुढच्या वर्षी, २०२१ च्या मार्चमध्ये, आजी यायच्या थांबल्या. आम्ही निरोप ठेवले. उत्तर नाही. आमच्यापैकी कोणालाच त्यांचं खरं नाव माहीत नव्हतं, गावही नाही. मग एका संध्याकाळी मला सिस्टिमचा मेसेज आला, की तुमची वस्तू 'आकाशकंदील' परत करण्यात आली आहे. तिथे जमिनीचं भाडं थकलं की प्लॉट रिकामा होतो आणि त्यावरच्या वस्तू ज्याच्या त्याला परत जातात. माझा कंदील 'हरवले-सापडले'च्या फोल्डरमध्ये येऊन पडला होता. बातमी म्हणून आमच्यापर्यंत पोचलं ते एवढंच. त्या रात्री बागेत सगळे आले, आणि बराच वेळ कोणी काही टाईप केलं नाही.

या उलट बाजूची गोष्ट नॉर्वेची आहे. मॅट्स स्टीन या मुलाला स्नायू क्षीण होत जाणारा डुशेन हा आजार होता. शेवटी शेवटी बोटंच काय ती हलायची. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तो इबेलिन या नावानं हजारो तास खेळला. २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. आपल्या मुलाला कोणी मित्रच मिळाले नाहीत, हे आई-वडिलांचं दुःख. पण तो गेल्याचं त्यांनी कळवल्यावर युरोपभरातून पत्रं येऊ लागली. त्यानं कुणाची समजूत काढली होती, कुणाला आपल्या मुलाशी पुन्हा बोलतं केलं होतं. काही जण अंत्यविधीलाही आले. त्याच्यावरची डॉक्युमेंटरी २०२४ मध्ये आली आहे, जरूर बघा. मला त्यात टोचलं ते हे, की मुलगा घरातच होता आणि त्याची माणसं आई-वडिलांना तो गेल्यावर भेटली.

आता, सगळं छान छान आहे असं मी म्हणत नाही. तिथेही पतपेढ्या बुडतात. नाव, पत्ता, पैसे कोणाला द्यायचे नाहीत, आणि "घरी सांगू नकोस" म्हणणाऱ्याबद्दल आधी घरीच सांगायचं, हे मुलांना शिकवायलाच हवं. झोप आणि अभ्यास यांचं गणितही आहेच. पण "किती तास बसलास?" या एका प्रश्नावर थांबू नका. "आज कोण कोण आलं होतं?" हेही विचारा. शाळेतल्या मित्रांबद्दल विचारतोच ना आपण? आपण स्वतः परक्या देशात येऊन हॉलचं भाडं, नाटकाचं तिकीट आणि वड्यांचा आकार यांवर भांडत-भांडत हे मंडळ उभं केलं. भांडतो कारण ते आपलं वाटतं. मुलांची भांडणं तरी वेगळी कशाला असतील?

माझी बायको २०२१ मध्ये परत आली. आता खरा कंदील बाल्कनीत लागतो. दुसरा मी दर दिवाळीला फोल्डरमधून काढून त्या बागेच्या फाटकावर लावतो. यंदाही लावणार आहे.

आणि काकू, आज घरी गेलात की नातवाजवळ जरा बसा आणि त्याला विचारा, पूल कोणी तोडला होता? अर्धा तास तरी हाताशी ठेवा!